पंखा बंद आहे

मानवतला जुन्या मोंढ्याकडे वळलं
की डाव्या हाताला माझं दुकान.
दोन खुर्च्या, तीन आरसे
आणि खडूनं लिहिलेली पाटी:
पंखा बंद आहे. बटणाला हात लावू नये.

एप्रिलातलं परभणीकडचं ऊन.
पत्र्याखाली वस्तऱ्याची मूठसुद्धा चटका देते.
गिऱ्हाईक बसतं, मान वर करतं,
"बिघडला काय?"
"न्हाई. भाड्यानं दिलाय."

दांडा जिथं छताला भिडतो त्या वाटीत
चिमणीनं सुतळी, पिसं, केरसुणीच्या काड्या कोंबल्यात.
आतून आवाज येतो तो अजून आवाजही नाही,
नुसती भूक.

शेषेराव गुत्तेदार अर्ध्या दाढीवरून उठले,
गालावरचा फेस तसाच घेऊन
समोरच्या एसीवाल्याकडे गेले.
नागोराव मास्तर मात्र घरून पुठ्ठा आणतात,
वारा घेत घेत मिशी कोरून घेतात.
पुठ्ठा हलला की मिशी हलते,
मग मी थांबतो, मग ते थांबतात.
असं एका मिशीला अर्धा तास.

चिमणा आमचा भांडखोर.
तिसऱ्या आरशातल्याला भाऊबंद समजतो,
बांध कोरल्यासारखा दुपारभर चोच मारतो.
चोचीच्या टोकाला रक्त दिसलं तेव्हा
मी त्या आरशावर टॉवेल टाकला.
दोन आरसे पुष्कळ झाले माणसाला.

केसांचं मात्र मला उशिरा कळलं.
मी झाडलोट मागच्या बोळात टाकायचो.
वाटायचं, नेतील पाखरं घरट्याला,
तेवढंच पुण्य.

एक दिवस नौशाद टेलरची रुबीना
ओढणीत होला घेऊन आली.
पायाला केस. पोत्याचं तोंड आवळावं तसा
बोटांभोवती फिरून फिरून रुतलेला,
बोटं सुजून जांभळी.
केस हातभर लांब होता.
गेल्या महिन्यात एका पोराचे
नवसाचे केस मीच उतरवले होते.
पाच वर्षं वाढवलेले. पेढेही खाल्ले होते मी.

रुबीनानं त्याचं डोकं ओढणीनं झाकलं,
अंधार झाला की पाखरू गप्प होतं म्हणाली.
मी मिशीची कात्री घेतली, चष्मा पुसला,
श्वास धरला.
चाळीस वर्षांच्या धंद्यात
इतकी बारीक हजामत केली नव्हती.
तीन बोटं सुटली.
चौथं आधीच वाळून काडी झालेलं,
त्याला मी हात लावला नाही.

सोडला तर तारेवर जाऊन बसला,
आणि तिथून माझ्या सदऱ्यावर शिटला.
चला, मजुरी मिळाली.

आता केस पिशवीत, पिशवीला गाठ,
आठवड्यानं लिंबोणीच्या आळ्यात, वर हातभर माती.
नौशाद धाग्यांची तुकडेताकडे डब्यात भरतो,
बायकोला वाटतं शेजाऱ्याचं वेड लागलं.
संक्रांत सरली की रुबीना बांबूला विळा बांधून
बाभळीवरचा मांजा उतरवते
आणि मी पायरीवर बसून
त्याचे बोटबोट तुकडे करतो,
कुणाच्या मानेला पुरू नयेत इतके.

दाढीचा जुना वाडगा खिडकीत असतो.
रोज घासतो, रोज पाणी बदलतो.
गिऱ्हाइकाच्या वाडग्याला एवढं घासलं असतं
तर शेषेराव टिकले असते, असं मास्तर म्हणतात.

काल तिन्ही पिल्लं उडाली.
एक आधी खुर्चीवर, मग मास्तरांच्या पुठ्ठ्यावर,
मग दारातून भुर्रर्र, मोंढ्याकडे.
मास्तर म्हणाले, "लावा आता, सुटलो एकदाचे."
मीही घामानं निथळत होतो, खोटं कशाला बोलू.
बोट बटणावर ठेवलं

तर खिडकीत ती.
चोचीत नौशादच्या दुकानातली
हिरवी चिंधी, दोन बोटं रुंद, धागा न सुटलेली.
माझ्याकडे बघतेय,
मी आत कधी येऊ म्हणून.

मी बोट काढून घेतलं.
मास्तरांनी पुठ्ठा उचलला.
पाटीवरचा खडू पुसट झालाय,
तेवढा गिरवून घेतो.